पेन्शन हीच तुमची फेलोशिप: फौजेतून भौतिकशास्त्राच्या संशोधनाकडे

पारोळा तालुक्यातल्या एका हवालदार भाऊंनी विचारलं आहे. सिग्नल कोअरमध्ये सतरा वर्षं झाली, जबलपूरला प्रशिक्षण घेतलं, पुढच्या मार्चमध्ये घरी येणार. वय ३६. बारावी सायन्स, गणित घेऊन, ५८ टक्के. रेडिओ सेट उघडून दुरुस्त करताना 'हे असं का होतं' हा प्रश्न पहिल्यापासून मनात आहे, तो काही जात नाही. आता भौतिकशास्त्रात संशोधन करायचं आहे. घरचे म्हणतात, बँकेत गार्डची नोकरी धर आणि शेतीकडे बघ. या वयात हे जमतं का, आणि सुरुवात कुठून करायची?

भाऊ, जमतं. मी स्वतः याच वाटेने आलो आहे. अमळनेर तालुक्यातला मी, एकोणिसाव्या वर्षी हवाई दलात गेलो. जालहळ्ळीला प्रशिक्षण झालं, पुढची वीस वर्षं रडारवर काढली. नोकरीत असतानाच इग्नूमधून बी.एस्सी. केलं, एकोणचाळिसाव्या वर्षी एम.एस्सी.च्या वर्गात बसलो आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पीएच.डी. झालो. आज एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो आणि उरलेला वेळ प्रयोगशाळेत असतो. कायम प्राध्यापक झालो नाही. हे आधीच सांगतो, कारण या वाटेवर काय मिळतं आणि काय मिळत नाही ते तुम्हाला आजच कळलेलं बरं.

पहिली गोष्ट वयाची. वयाची अट पैशाच्या दारावर असते, शिकण्याच्या दारावर नसते. बी.एस्सी.च्या प्रवेशाला वय आडवं येत नाही, मधल्या वर्षांसाठी गॅपचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं एवढंच. एम.एस्सी.साठीच्या जॅम परीक्षेला वयोमर्यादा नाही. अभियांत्रिकी-विज्ञानाच्या गेट परीक्षेला नाही. पीएच.डी.च्या प्रवेशालाही नाही. अट येते ती जेआरएफला, म्हणजे संशोधन करताना दर महिन्याला मिळणाऱ्या सरकारी फेलोशिपला. भौतिकशास्त्राची नेट ही पात्रता परीक्षा सीएसआयआर या केंद्राच्या विज्ञान संस्थेची, तिच्यात फेलोशिपसाठी वय ३० पर्यंत, आणि प्रवर्गानुसार सवलत धरली तरी ३५ च्या पुढे जात नाही. म्हणजे महिन्याला ३७ हजारांची ती फेलोशिप तुमच्यासाठी नाही, तिच्यावर आशा ठेवू नका. पण त्याच परीक्षेत सहायक प्राध्यापक पदाची पात्रता आणि पीएच.डी. प्रवेशाची पात्रता यांना वयाची अट नाही. परीक्षा द्यायचीच, फक्त ती पैशासाठी नाही, प्रवेशासाठी द्यायची.

मग घर कशावर चालणार? इथेच तुमची बाजू बावीस वर्षांच्या पोरांपेक्षा भक्कम आहे. माझ्याबरोबरची हुशार मुलं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी संशोधन सोडून गेली, ती डोकं कमी पडलं म्हणून नाही. फेलोशिप सहा-सहा महिने अडकायची आणि घरून विचारणा व्हायची. माझी पेन्शन एक तारखेला खात्यात यायची. पेन्शन हीच आपली फेलोशिप. ती लहान असेल, पण तिला मुदत नाही. म्हणून तुम्हाला एकच कळकळीची विनंती. ग्रॅच्युइटी आणि कम्युटेशनचे (पेन्शनचा एक भाग आधीच एकरकमी घेतलेले) पैसे हातात पडले की आपल्याकडे पहिल्यांदा घरावर स्लॅब पडतो, मग ट्रॅक्टर येतो, मग भावकीत कुणाचं तरी लग्न निघतं. माझ्या ओळखीच्या तीन जणांची शिकायची इच्छा त्या स्लॅबखालीच राहिली. निम्मी रक्कम सात वर्षांसाठी बाजूला टाका, आणि घरात बसून, वहिनींसमोर, आकडे मांडून टाका. माझ्या आईने मला विचारलं होतं, "आते या वयमा काय शाया शिकस रे भाऊ?" तिला माझ्या भाषणाने पटलं नाही. दर महिन्याचा खर्च कागदावर लिहून दाखवला, तेव्हा पटलं.

सात वर्षं का म्हणतो? प्रत्यक्षात जास्तच लागतील. बी.एस्सी.ची तीन, एम.एस्सी.ची दोन, पीएच.डी.ला कमीत कमी तीन आणि साधारण पाच. चार वर्षांची पदवी घेतली तर एम.एस्सी. एका वर्षात होते, आणि त्या पदवीला ७५ टक्के पडले तर थेट पीएच.डी.च्या प्रवेशाला पात्र होता येतं. साधारण वेग धरला तर प्रबंध हातात येईल तेव्हा तुम्ही ४६-४७ वर्षांचे असाल. सात वर्षांनंतर तुमच्याकडे एम.एस्सी. आणि संशोधनाची सुरुवात असेल, आणि तोपर्यंत तासिका किंवा प्रकल्पावरचं काम हाताला लागतं. पहिली सात वर्षं सांभाळली की पुढची निघतात.

एक सावधगिरी. पंधरा वर्षांच्या सेवेनंतर पदवीशी समकक्ष म्हणून जे प्रमाणपत्र मिळतं, ते केंद्र सरकारच्या गट क पदांच्या भरतीपुरतं असतं. ते दाखवून एम.एस्सी.ला प्रवेश मिळत नाही. दोन ओळखीचे जवान ते लॅमिनेट करून विद्यापीठात घेऊन गेले आणि रिकाम्या हाताने परत आले. खरी बी.एस्सी. करावीच लागते.

आणि ती शक्यतो रेग्युलर करा. मी मुक्त विद्यापीठातून केली, तिचा मला अभिमान आहे, नोकरीत असताना दुसरा मार्गही नव्हता. पण प्रात्यक्षिकं सुट्टीत, घाईने, केंद्रावर जाऊन उरकलेली. एम.एस्सी.ला आल्यावर ती उणीव जाणवली. तुम्ही घरी येणार आहात. अमळनेरचं प्रताप महाविद्यालय आणि जळगावचं एम. जे., दोन्ही १९४५ ची, आणि धुळं आहेच. पारोळ्याहून एसटीने रोज जाता येईल असं बघा. पुढे एम.एस्सी. आणि पीएच.डी.साठी जळगावला आपलं विद्यापीठ आहे. १९९० मध्ये ते पुणे विद्यापीठातून वेगळं निघालं, आज बहिणाबाईंचं नाव त्याला आहे. वर्गात पोरं पहिले दोन आठवडे तुम्हाला सर समजून उभी राहतील. तिसऱ्या आठवड्यात तुमच्याकडून सोल्डरिंग शिकायला येतील.

आता मुख्य मुद्दा. गणित. भौतिकशास्त्र संशोधन म्हटलं की लोक मला प्रयोगशाळेबद्दल, नोकरीबद्दल, मुलाखतीबद्दल विचारतात, गणिताबद्दल कुणी विचारत नाही. आणि फौजेतून येणारा माणूस अडतो तो तिथेच. तुमच्याच कामातलं उदाहरण घेतो, म्हणजे तंत्रज्ञ आणि भौतिकशास्त्रज्ञ यांच्यात नेमकं अंतर कुठे आहे ते दिसेल.

नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. डिश जितकी मोठी आणि तरंगलांबी जितकी लहान, तितका झोत अरुंद, हे तुम्हाला ठाऊक आहे. अँटेना लावताना हे रोज वापरलं असेल. १४२० मेगाहर्ट्झला तरंगलांबी २१ सेंटीमीटर. एका डिशचा झोत चंद्राच्या बिंबापेक्षा थोडासा लहान येतो. म्हणजे एकटी डिश आकाशात चंद्राएवढा ठिपका बघते, त्याच्या आतलं काही वेगळं करू शकत नाही. पण त्या तीस डिश मिळून त्याच तरंगलांबीला सुमारे दोन विकला इतकं बारीक बघतात, म्हणजे एका अंशाचे ३६०० भाग केले तर त्यातले दोन. कशामुळे? १४ डिश मधल्या चौकोनी किलोमीटरभर जागेत आहेत आणि १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर, टोकापासून टोकापर्यंत सुमारे २५ किलोमीटर. कुठल्याही दोन डिशची एक जोडी, अशा ४३५ जोड्या होतात. प्रत्येक जोडीत एकच लाट एका डिशला आधी पोचते, दुसरीला किंचित उशिरा. तो उशीर म्हणजे फेजचा, लाटेच्या चढ-उताराच्या टप्प्याचा, फरक. इथपर्यंत सिग्नलचा हवालदार बरोबर येतो, कदाचित एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यापेक्षा चांगला येतो, कारण केबलची लांबी बदलली की फेज सरकते हे त्याने हाताने अनुभवलेलं असतं.

पुढचं पाऊल असं. प्रत्येक जोडी आकाशाच्या चित्राचा एक तुकडा मोजते, पण तो तुकडा चित्राचा सरळ भाग नसतो. तो त्या चित्राच्या फुरिए रूपांतराचा एक बिंदू असतो. फुरिए रूपांतर म्हणजे चित्र किंवा सिग्नल साध्या लाटांच्या बेरजेत फोडून मांडायची गणिती रीत. ४३५ जोड्या, त्यात पृथ्वी फिरते म्हणून तासागणिक प्रत्येक जोडीचा आकाशाशी असलेला कोन बदलतो, असे हजारो बिंदू गोळा होतात आणि उलट रूपांतर केलं की चित्र उभं राहतं. हे वाक्य शब्दांत वाचून समजल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात समजायला संमिश्र संख्या लागतात, इंटिग्रेशन लागतं, आणि ते इतकं सरावाचं असावं लागतं की ते करताना लक्ष गणितात न अडकता आकाशाकडे राहील. मी एम.एस्सी.च्या पहिल्या सेमिस्टरला नेमका इथे थांबलो होतो. वीस वर्षं डेसिबलमध्ये बोललो, पण लॉगॅरिदमचे नियम कागदावर वापरताना हात थांबायचा. एक दिवस मी अकरावीचं गणिताचं पुस्तक आणलं आणि पहिल्या प्रकरणापासून सुरुवात केली. त्या दिवशी मला वाटलं की आता आपलं होईल.

म्हणून सुरुवात कुठून, याचं माझं उत्तर: आजपासून, युनिटमध्ये असतानाच, एनसीईआरटीची अकरावी-बारावीची गणिताची पुस्तकं. फुकट मिळतात. नुसती वाचायची नाहीत, प्रत्येक उदाहरण वहीत सोडवायचं. पहाटे पीटीच्या आधी उठायची सवय तुम्हाला आहे, तो एक तास गणिताला द्या. मार्चपर्यंत फलन, त्रिकोणमिती, संमिश्र संख्या, डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रल एवढं झालं पाहिजे. ते झालं आणि तरीही उठून बसावंसं वाटतंय, तर प्रवेश घ्या. सहा महिन्यांत वही पाच पानांपुढे गेली नाही, तर शांतपणे दुसरा विचार करा, त्यात कमीपणा काहीच नाही. कॉलेज सुरू झालं की डिफरन्शियल इक्वेशन आणि फुरिए यांसाठी एनपीटीईएल या संकेतस्थळावर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं आहेत, तीही फुकट.

लोक म्हणतील, खेड्यातल्या माणसाला हे कसं झेपणार. चाळीसगावजवळ पाटणादेवीला जाऊन शिलालेख बघून या. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी तिथे मठ काढला, १२०७ च्या सुमाराची गोष्ट. गणित शिकवायला देणगी दिल्याची नोंद आपल्या जिल्ह्यात दगडावर कोरलेली आहे.

आता फौजेतून तुम्ही जे आणता त्याबद्दल, कारण त्याची किंमत तुम्हालाच माहीत नसते. माझा पीएच.डी.चा विषय पातळ थरांचे वायुसंवेदक. काचेवर धातूच्या ऑक्साइडचा थर द्यायचा, त्यावर वायू सोडायचा आणि विद्युतप्रवाह किती बदलतो ते मोजायचं. प्रवाह नॅनोअँपिअरमधला. पहिल्याच महिन्यात प्रयोगशाळेतल्या दोन मुलांचा आलेख सारखा थरथरत होता. त्यांनी आठवडाभर नवे नमुने बनवले, थराची जाडी बदलली, तापमान बदललं, थरथर तशीच. मी ऑसिलोस्कोप लावला. दर २० मिलिसेकंदाला एक लाट. ५० हर्ट्झ, म्हणजे हे नमुन्यातलं नाही, भिंतीतल्या विजेतलं आहे. टेबलाखाली टॉर्च घेऊन शिरलो. मापनयंत्र एका बोर्डावर, भट्टीचा कंट्रोलर पलीकडच्या भिंतीच्या बोर्डावर, दोघांचं अर्थिंग वेगवेगळं, आणि मधली शील्डेड केबल दोन्हीकडे जोडलेली. अर्थचं वेटोळं तयार झालेलं. दोन्ही यंत्रं एका बोर्डावर आणली, केबलचं शील्ड एका टोकाला सोडवलं. रेघ सरळ झाली. त्या मुलांनी नमुन्यांत घातलेला आठवडा चुकीच्या जागी शोधण्यात गेला होता. ही नजर पुस्तकातून येत नाही. रात्री दोनला बंद पडलेलं रडार सकाळच्या आत उभं करायचं असतं तेव्हा ती येते.

आणि लॉगबुक. वेळ, तापमान, कुठला नॉब किती फिरवला, कोणी फिरवला. आपल्याला ही सक्ती होती, तिचा कंटाळाही यायचा. संशोधनात हीच सवय सगळ्यात दुर्मीळ निघाली. चार वर्षांपूर्वीचं एक मापन पुन्हा तपासायची वेळ आली, तेव्हा माझी वही उघडून दहा मिनिटांत उत्तर मिळालं.

'मोजमापातला गोंगाट' हा शब्द आपण तक्रारीसारखा वापरतो, पण त्याच गोंगाटातून एक शास्त्र उभं राहिलं. फेब्रुवारी १९४२ मध्ये ब्रिटिश सैन्याची विमानविरोधी रडारं एकाएकी आंधळी झाली. शत्रूने जॅमिंग केलं असं सगळ्यांना वाटलं. सैन्याच्या संशोधन गटातल्या जेम्स हे यांनी निरीक्षकांच्या नोंदी एकत्र केल्या, तर गोंगाटाची दिशा सूर्याबरोबर सरकताना दिसली. सूर्यावर त्या दिवसांत मोठा डाग होता. सूर्याच्या रेडिओ लहरी अशा सापडल्या, आणि त्या सापडण्यामागे जागेवर बसून दिशा आणि वेळ नीट लिहिणारे ऑपरेटर होते.

तुमच्या आधी या वाटेने गेलेल्यांपैकी मला सर्वांत जवळचे वाटतात ब्रिटनचे पॅट्रिक ब्लॅकेट. तेराव्या वर्षी नौदलाच्या शाळेत गेले, पहिल्या महायुद्धात फॉकलंड आणि जटलँडच्या लढाया लढले. १९१९ मध्ये नौदलाने थोड्या दिवसांच्या अभ्यासासाठी केंब्रिजला पाठवलं, तिथली प्रयोगशाळा बघितली आणि नौदल सोडून भौतिकशास्त्र धरलं. रदरफर्ड यांच्या हाताखाली त्यांना काम मिळालं ते असं: नायट्रोजनवर अल्फा कण आदळताना क्लाउड चेंबरमध्ये, म्हणजे कणांची वाट धुक्याच्या रेषेसारखी दाखवणाऱ्या पेटीत, फोटो काढत राहायचे. सुमारे २३ हजार फोटो, चार लाखांहून जास्त रेषा. त्यातल्या फक्त आठ रेषांना वेगळ्या प्रकारचा फाटा फुटलेला निघाला, आणि त्या आठांवरून एक मूलद्रव्य बदलून दुसरं होताना डोळ्यांनी दिसलं. पुढे १९४८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. लाखो रेषांमधून आठ शोधताना एकदाही नजर न ढळू देणं, हे पहाऱ्यावर उभं राहिलेल्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. अमेरिकेचे क्लाइड कोवन सैन्याच्या हवाई दलात कॅप्टन होते. युद्ध संपल्यावर माजी सैनिकांच्या शिक्षणासाठीच्या सरकारी पैशावर त्यांनी पीएच.डी. केली आणि १९५६ मध्ये राइन्स यांच्याबरोबर न्यूट्रिनो हा पदार्थातून जवळजवळ न अडता जाणारा कण शोधून दाखवला.

नोकरीचं थोडक्यात सांगतो. चाळिशीनंतर कायम शास्त्रज्ञ किंवा प्राध्यापक म्हणून निवड होणं फार अवघड आहे. एका संस्थेत माझी मुलाखत चांगली झाली, आणि शेवटी विचारलं गेलं, "तुम्ही आम्हाला वर्षं किती देणार?" उत्तर माझ्याकडे होतं, जागा मिळाली नाही. त्या दिवशी परतीच्या रेल्वेत फार वाईट वाटलं होतं. पण प्रकल्पावरची पदं मिळतात, आणि यंत्रांवर हात बसलेल्या माणसाला ती लवकर मिळतात. दुसरी वाट उलट्या बाजूने आहे. केंद्राच्या गट क पदांत माजी सैनिकांना १० टक्के जागा आहेत, आणि वयातून सेवेची वर्षं वजा करून वर तीन वर्षांची सवलत आहे. अणुऊर्जा खात्याच्या संस्थांमध्ये तंत्रज्ञांच्या जागा निघतात, आपल्याला जवळ इंदूरची आरआरकॅट ही संस्था, जिथे इंडस-२ हा सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन वेगाने फिरवून प्रखर क्ष-किरण देणारं यंत्र, चालतो. पगार चालू ठेवून संशोधनाच्या शेजारी राहायचं आणि अभ्यास पुढे न्यायचा, हेही संशोधनच. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहतेय, एप्रिल २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने २,६०० कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्यांमध्ये निर्वात पोकळी राखायची म्हणजे केवढं मनुष्यबळ लागेल याचा विचार करा. त्या जाहिरातींवर लक्ष ठेवा.

आणि प्रवेशाची वाट बघत असताना एक प्रयोग सुरू करा, जो तुमच्या हातात आत्ताच आहे. आकाशगंगेतला हायड्रोजन १४२०.४ मेगाहर्ट्झवर बोलतो. ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा, कर्ण्यासारखा हॉर्न अँटेना, क्षीण सिग्नल मोठा करणारा एक लो नॉइज ॲम्प्लिफायर, एक फिल्टर, रेडिओ लहरी लॅपटॉपवर उतरवणारा, यूएसबीला लागणारा एसडीआर डोंगल आणि लॅपटॉप. शेतातल्या घराची गच्ची शहरापेक्षा चांगली, मोबाइल टॉवर लांब असतात. काही मिनिटांची सरासरी घेतली की गोंगाटाच्या सपाट रेषेवर एक उंचवटा दिसतो. तो बरोबर १४२०.४ वर नसतो, थोडा सरकलेला असतो. १०० किलोहर्ट्झ सरकला तर तो वायू २१ किलोमीटर प्रति सेकंद वेगाने आपल्याकडे येतोय किंवा दूर जातोय. पारोळ्याच्या गच्चीवरून आकाशगंगा फिरताना मोजता येते. ही वही घेऊन प्रवेशाच्या मुलाखतीला गेलात तर तुमचं वय कुणी विचारणार नाही असं मी म्हणत नाही, पण त्या आधी वहीबद्दल विचारतील. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या सुमारास, खोडद लोकांसाठी खुलं असतं, तेव्हा सुट्टी जुळवून जाऊन या. तिथले इंजिनीअर मनापासून बोलतात.

माझा हॉर्न घराच्या माडीवर पडून आहे. भादव्यात पाऊस उघडला की संध्याकाळी हंस तारकासमूह जवळजवळ डोक्यावर येतो, आकाशगंगेचा तो पट्टा हायड्रोजनने भरलेला आहे. तेव्हा या. कळण्याची भाकरी आणि भरीत घरी होईल. येताना संमिश्र संख्यांचं प्रकरण सोडवलेली वही घेऊन या, आपण ती आधी तपासू आणि मग हॉर्न गच्चीवर नेऊ.